गाडीला न बसलेल्या ब्रेक डिस्क परत करताना

ज्यांनी गाडीचे पार्ट ऑनलाइन मागवले, ते बसले नाहीत, आणि आता जड खोकं घरात पडलंय नि पुढे काय करायचं ते सुचत नाहीये, अशांसाठी हे लिहितेय. माझं प्रकरण पुढच्या ब्रेक डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी चकत्या), त्यांना दाबणारे पॅड आणि एका एबीएस सेन्सरचं (चाकाचा वेग मोजणारा, जोरात ब्रेक मारल्यावर चाक अडकू नये म्हणून) होतं. मागच्या आठवड्यात शेवटचे पैसे खात्यात आले, सगळं अजून डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण बहुतेक ऑनलाइन दुकानांची पद्धत थोड्याफार फरकाने हीच असते.

झालं असं की फेब्रुवारीपासून जोरात ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरायचं. गॅरेजमधे दाखवलं तर मेकॅनिक म्हणाला डिस्क बदलायची वेळ आली. नवीन असताना २२ मिमी जाड, कमीत कमी १९ मिमी (हा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो, कडेला किंवा मधल्या टोपीच्या भागावर), आणि माझ्या १९ च्या जेमतेम वर होत्या. शिवाय एका चाकाचा एबीएस सेन्सर अधूनमधून दिवा लावत होता, तोही बदलू म्हणाला. पार्ट तुम्ही आणा, मी फक्त बसवायचे घेईन, हे त्याचं आधीपासूनचं होतं.

मग मार्चच्या सुरुवातीला एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून मागवले. साइटवर कंपनी, मॉडेल, वर्ष, इंजिन निवडायचं, मग ती आपल्या गाडीचेच पार्ट दाखवते आणि प्रत्येकाखाली हिरवी खूण, ‘तुमच्या गाडीला बसेल’. मी डिस्क आणि पॅडचा एकत्र सेट घेतला कारण सुटं घेण्यापेक्षा स्वस्त पडत होता, आणि सेन्सर वेगळा. वर्णनात व्यास २८० मिमी, जाडी २२ मिमी, पाच भोकं, सगळं माझ्या गाडीशी जुळत होतं. पार्सल आठवड्याच्या आत आलं.

गॅरेजमधे शनिवारी सकाळी गाडी उचलली, चाक काढलं, कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सोडवून वायरने वर टांगला, जुनी डिस्क काढली. इथे मेकॅनिकने जे केलं त्यामुळे माझे पैसे वाचले असं मी म्हणेन. नवी डिस्क त्याने हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) चढवली नाही. जुनी आणि नवी शेजारी शेजारी पालथ्या ठेवल्या, दोन्हींवर स्टीलची पट्टी आडवी टाकली आणि व्हर्नियरच्या (बारीक माप घ्यायच्या पट्टीच्या) मागच्या दांडीने खोली मोजली. दोनदा मोजलं. मग म्हणाला, ‘ताई, ही नाही बसणार. उंची कमी आहे.’

मला आधी कळेना, कारण दिसायला दोन्ही सारख्याच. व्यास तोच, जाडी तीच, भोकंसुद्धा एकावर एक येत होती. पण डिस्क म्हणजे नुसती चकती नसते, मधे टोपीसारखा उठलेला भाग असतो तो हबवर बसतो, आणि त्या टोपीची उंची किती यावर पॅड जिथे घासतात तो भाग आत येणार की बाहेर जाणार ते ठरतं. माझ्या जुन्या डिस्कची उंची नवीपेक्षा अडीच मिमीच्या आसपास जास्त होती. एवढ्याने काय होतं वाटतं ना? डिस्क कॅलिपरच्या ब्रॅकेटच्या मधोमध न येता एका बाजूला सरकते, एक पॅड कायम घासत राहणार, नाहीतर डिस्क ब्रॅकेटलाच टेकणार. ब्रेकच्या बाबतीत ‘चालवून बघू’ नसतं. पार्टच्या वर्णनात उंची हा आकडा बऱ्याचदा अगदी खाली असतो किंवा नसतोच, व्यास आणि जाडी मात्र ठळक.

सेन्सरचं तर पिशवी न उघडताच समजलं. पारदर्शक पिशवीतून कनेक्टर दिसत होता, गाडीतला लंबगोल आणि हा चौकोनी. पॅड मात्र आकाराने बरोबर निघाले.

तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि फोटो काढत सुटले. दोन्ही डिस्क शेजारी, पट्टी ठेवून व्हर्नियरचा आकडा दिसेल असा जवळून, खोक्यावरचं लेबल बारकोडसकट, डिस्कच्या कडेला कोरलेला नंबर, डिस्कवरचा तेलाचा थर, सेन्सरची बंद पिशवी पुढून मागून. हा तेलाचा थर महत्त्वाचा आहे. साध्या लोखंडी डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल लावून पाठवतात, बसवायच्या आधी ते ब्रेक क्लीनरने पुसायचं असतं. एकदा पुसलं की दुकानाच्या लेखी पार्ट वापरला. (करड्या रंगाचा लेप दिलेल्या डिस्कही येतात, त्या बहुतेक वेळा न पुसता तशाच बसवतात, पण हबवर आवळल्या की मधल्या भागावर घासल्याच्या गोल खुणा उमटतात, त्या काही केल्या जात नाहीत.) तर मेकॅनिकला आधीच सांगून ठेवायचं, माप घेतल्याशिवाय पुसायचं नाही, चढवायचं नाही. बरेच मेकॅनिक घाईत आधी पुसून मोकळे होतात.

जुन्या डिस्क परत चढवल्या, कारण गाडी तशीच उचलून ठेवणं शक्य नव्हतं. जाडी अजून मर्यादेच्या वर होती म्हणून बेताने चालवा म्हणाला. खोल-बंद केल्याची मजुरी द्यावी लागली, आणि ती द्यायलाच हवी होती, त्याचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

त्या रात्री बसून हे नेमकं का झालं ते शोधलं, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडली ती ही रात्रच. एकाच मॉडेलच्या एकाच वर्षाच्या गाडीत मधेच पार्ट बदलतात. कंपनी पुरवठादार बदलते, हबची रचना बदलते, आणि मग कॅटलॉगमधे लिहिलेलं असतं की अमुक चॅसी नंबरपर्यंत (प्रत्येक गाडीचा स्वतःचा ओळख नंबर) हा पार्ट, त्यानंतर तो. दुकानाच्या साइटवर वर्ष आणि इंजिन एवढंच विचारतात, त्यामुळे मधला बदल तिथे दिसतच नाही. माझी गाडी त्या बदलाच्या नंतरची निघाली, दुकानाने पाठवलेले पार्ट आधीचे. सेन्सरही त्याच कारणाने वेगळा, कारण हबबरोबर तोही बदलला होता.

हे कळलं ते चॅसी नंबरावरून. १७ अक्षरांचा असतो, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून, आणि त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, १ आणि ० शी घोळ होऊ नये म्हणून. म्हणजे तुम्ही उतरवून घेतलेल्या नंबरात ओ दिसला तर ते शून्य आहे असं समजा. गाडीच्या नोंदणीच्या कागदावर असतो, बऱ्याच गाड्यांत समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून दिसतो, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरही असतो. कागदावरून न उतरवता गाडीवरच्याच नंबराचा फोटो काढा, पुढे तो लागतोच. शेवटचे आकडे म्हणजे त्या गाडीचा अनुक्रमांक, आधी-नंतरचा घोळ त्यांच्यावरच सुटतो. काही कंपन्यांच्या गाड्यांत डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात किंवा सर्व्हिस बुकात एक स्टिकर असतो, त्यावर छोटे छोटे कोड असतात आणि गाडीत कुठल्या मापाचे ब्रेक आहेत तेही त्यातच असतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अधिकृत पार्ट काउंटरवर जाऊन चॅसी नंबर दिला. मूळ पार्ट नंबर काय तो फक्त सांगा म्हटलं. काउंटरवरच्या मुलाने स्क्रीनवर बघून डिस्कचा आणि सेन्सरचा नंबर कागदावर लिहून दिला, वर सांगितलं की हा नंबर मधे एकदा बदललाय, जुना दिसला आणि शेवटचं अक्षर वेगळं असलं तर विचारून घ्या. काही विकत न घेता एवढं सांगितलं म्हणून मी नंतर ब्रेक ऑइल तिथूनच घेतलं. सगळीकडे असं सांगतीलच असं नाही, पण विचारायला काय जातंय.

आता परत करायची गोष्ट.

रविवारी रात्री साइटवर रिटर्नची विनंती टाकली. तिथे कारण निवडायचं असतं, यादी येते: मन बदललं, चुकीचा पार्ट मागवला, चुकीचा पार्ट आला, खराब आला, गाडीला बसत नाही. वाटतं सगळं एकच, पण नाही. परतीचा कुरिअर खर्च कोण भरणार आणि वजावट होणार की नाही, ते इथेच ठरतं. ‘चुकीचा पार्ट मागवला’ निवडलं की चूक आपली धरली जाते आणि या दुकानाच्या नियमात त्याला १५ टक्के वजावट होती, शिवाय पाठवायचा खर्च आपला. ‘चुकीचा पार्ट आला’ म्हणजे मागवला एक आणि पाठवला दुसरा, ते माझ्या बाबतीत खरं नव्हतं, मी क्लिक केलेलाच पार्ट आला होता. मी ‘गाडीला बसत नाही’ निवडलं आणि खालच्या चौकटीत लिहिलं की साइटने हिरवी खूण दाखवली होती. या हिरव्या खुणेचा पुरावा माझ्याकडे होता, कारण ऑर्डरच्या मेलमधे पार्टच्या नावाखाली गाडीचं मॉडेल आणि ‘बसेल’ असं लिहून आलं होतं. तुमच्या मेलमधे तसं नसेल तर ऑर्डर करतानाच स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, नंतर साइटवरची माहिती बदलते.

मुदतही नीट वाचा. काही ठिकाणी मुदत ऑर्डरच्या तारखेपासून मोजतात, काही ठिकाणी पार्सल हातात पडल्यापासून. आणि मुदतीच्या आत विनंती टाकायची की पार्ट त्यांच्या गोडाऊनला पोचायला हवा, हाही एक फाटा असतो. माझ्या दुकानात विनंतीची तारीख धरत होते, तेवढं बरं.

मंगळवारी उत्तर आलं आणि डोकंच फिरलं. ‘आमच्या कॅटलॉगनुसार हा पार्ट आपल्या गाडीला बसतो. कृपया अनुभवी तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावा.’ सेन्सरबद्दल एक ओळ, इलेक्ट्रिकल वस्तू परत घेतल्या जात नाहीत. आणि वर, सेटमधली एखादी वस्तू सुटी परत करता येणार नाही. म्हणजे पॅड बसत होते तरी तेही पाठवायचे.

फोन लावला. रांगेत बराच वेळ गाणं ऐकलं, मग जी मुलगी आली तिच्यासमोर बहुतेक तोच कॅटलॉग उघडा होता, तीही तेच वाचून दाखवत होती. मी चिडले होते, थोडी मोठ्याने बोलले, त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही. एक गोष्ट मात्र तिच्या बोलण्यातून समजली, ती म्हणाली, ‘मॅडम, बसत नाही असं सगळेच म्हणतात, आम्हाला नंबर द्या.’ त्यांच्या बाजूने बघितलं तर तेही खरं आहे. लोक नव्या खोक्यात जुना गंजलेला पार्ट भरून परत पाठवतात, बसवून चार दिवस वापरून पाठवतात, चुकीच्या मॉडेलचा मागवून बसत नाही म्हणतात. पलीकडे बसलेल्या माणसाला माझी गाडी दिसत नाही, दिसतात फक्त आकडे. मग म्हटलं ठीक आहे, आकडेच देऊ.

त्या संध्याकाळी जो मेल लिहिला तो साधारण असा होता, ज्यांना हवा त्यांनी उचला:

‘ऑर्डर नंबर अमुक, रिटर्न विनंती नंबर अमुक. गाडीचा चॅसी नंबर अमुक, फोटो जोडला आहे. या चॅसी नंबरासाठी उत्पादकाचा मूळ डिस्क नंबर अमुक आहे. आपण पाठवलेली डिस्क अमुक या मूळ नंबराच्या बदली आहे असं आपल्याच पानावर लिहिलेलं आहे. हे दोन नंबर वेगळे आहेत. जुन्या आणि नव्या डिस्कच्या उंचीच्या मापाचे फोटो जोडले आहेत. डिस्क गाडीवर चढवलेल्या नाहीत, तेलाचा थर कायम आहे. पॅड वापरलेले नाहीत आणि सेन्सरच्या पिशवीचं सील उघडलेलं नाही. आपल्या साइटने हे तिन्ही पार्ट माझ्या गाडीला बसतील असं दाखवलं होतं, तो मेल जोडला आहे. पूर्ण रक्कम आणि परतीचा खर्च मिळावा.’

बास. राग नाही, मजुरी गेली त्याचं रडगाणं नाही. ‘मूळ नंबराच्या बदली’ ही ओळ शोधून काढा, बहुतेक पार्टच्या पानावर खाली एक यादी असते की हा पार्ट उत्पादकाच्या कुठकुठल्या नंबरांच्या जागी चालतो. तुमच्या गाडीचा नंबर त्या यादीत नसेल तर दुकानाला फार बोलायला जागा उरत नाही.

दोन दिवसांनी मेल आला की रिटर्न मंजूर, तांत्रिक विभागाने तपासलं, साइटवरची माहिती दुरुस्त करायला पाठवली आहे. सेन्सर ‘तपासणीच्या अधीन’. सोबत रिटर्न नंबर, छापायचा फॉर्म आणि पत्ता. कुरिअर मात्र तुम्हीच करा, पावती पाठवा, खर्च देऊ. काही दुकानं स्वतःच पिकअप पाठवतात, यांच्याकडे वजनाची मर्यादा होती आणि दोन डिस्कच दहा किलोच्या वर जातात.

पॅकिंगवर मी अर्धा रविवार घालवला पण त्याचं मला वाईट वाटत नाही. पार्टचं मूळ खोकं हे पार्टचाच भाग धरतात, त्यावर टेप चिकटवली, पत्ता लिहिला, तरी ‘पुन्हा विकण्यायोग्य नाही’ म्हणून वजावट करू शकतात. म्हणून मूळ खोकी तशीच एका मोठ्या जाड खोक्यात घातली. दोन डिस्कच्या मधे पुठ्ठा, चारी कोपऱ्यांत कागदाचे बोळे, तळाला पुठ्ठ्याचे दोन थर, कारण डिस्कची कड पातळ खोकं फाडून बाहेर येते. जड वस्तूला बबल रॅप फारसा उपयोगाचा नाही, फुगे फुटून जातात. तळाच्या जोडावर टेप आडवी-उभी दोन्हीकडून. रिटर्न नंबर बाहेरच्या खोक्यावर दोन बाजूंना मोठ्या अक्षरांत, फॉर्मची एक प्रत आत, एक माझ्याकडे. आणि हे सगळं भरताना परत फोटो, खोकं बंद करायच्या आधी आतला सगळा माल एका फोटोत, मग बंद खोकं वजनकाट्यावर.

कुरिअरवाले दोन प्रकारे वजन धरतात हे मला माहीत नव्हतं. एक खरं वजन, दुसरं आकारावरून काढलेलं, म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमधे गुणायची आणि बऱ्याच कंपन्यांत ५००० ने भागायचं, जे जास्त येईल त्याचे पैसे. डिस्कसारख्या भरीव वस्तूला खरं वजनच जास्त भरतं. पण कोणाला बंपर किंवा हेडलाइट परत करायचा असेल तर आकाराचं वजन फार वर जातं, तिथे विनाकारण मोठं खोकं घेऊ नका. माझा खर्च डिस्कच्या किमतीच्या आठव्या हिश्श्याएवढा झाला, विमा धरून. विमा घेतला कारण वाटेत हरवलं तर दुकान म्हणणार आम्हाला मिळालंच नाही. अजून एक, एअरबॅग, सीटबेल्टचे प्रीटेन्शनर (अपघातात पट्टा आवळणारे), बॅटरी असल्या वस्तू धोकादायक मालात मोडतात, त्या साध्या कुरिअरने गुपचूप पाठवायच्या नसतात, त्यांची पद्धत दुकानाला विचारूनच करा.

पिकअपला माणूस आला नाही आणि ट्रॅकिंगवर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असं आलं, मी दिवसभर घरात होते. शेवटी खोकं स्वतःच काउंटरवर नेऊन दिलं आणि बरंच झालं, कारण तिथे वजन आणि तारीख छापलेली पावती समोरासमोर मिळाली. घरून पिकअप देताना नुसती सही घेऊन जातात, पावती नंतर येते किंवा येतच नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी ट्रॅकिंगवर ‘पोचलं’ दिसलं. आणि मग काहीच नाही. रोज सकाळी साइट उघडायची, ‘तपासणी सुरू’. त्या दिवसांत गाडी चालवताना प्रत्येक थरथरीला पैशांची आठवण यायची, पैसे अडकलेले आणि नवीन पार्ट घ्यायचे तर परत तेवढेच घालायचे. आठवडा उलटून गेल्यावर मेल टाकला, नुसता विचारणारा, रिटर्न नंबर आणि पोचल्याच्या तारखेसकट. पोचल्यापासून किती दिवसांत निकाल देऊ हे त्यांच्या नियमात लिहिलेलं होतं, ती ओळ तशीच्या तशी उतरवून पाठवली.

उत्तर आलं ते असं, एका डिस्कवर वापराच्या खुणा आढळल्या आहेत. सोबत फोटो, मधल्या भागावर एक ओरखडा. पोटात गोळाच आला. पण आपल्याकडे गॅरेजमधले फोटो होते, त्यात त्याच डिस्कचा तोच भाग स्वच्छ दिसत होता, आणि भरतानाच्या फोटोतही, तारीख-वेळेसकट. शिवाय त्यांच्या फोटोत ओरखडा एका बाजूलाच लांब होता. हबवर आवळल्याची खूण गोल असते आणि बोल्टच्या भोकांभोवती दिसते. हे तीन ओळींत लिहून फोटो पाठवले. बहुतेक वाटेत किंवा त्यांच्याकडे उघडताना लागलं असणार, तसं मी लिहिलं मात्र नाही, कोणी केलं हा वाद काढला की विषय भलतीकडे जातो. दुसऱ्याच दिवशी डिस्क आणि पॅडची पूर्ण रक्कम मंजूर.

सेन्सरवर १५ टक्के कापले. त्यांचं म्हणणं, इलेक्ट्रिकल वस्तू आम्ही एरवी घेतच नाही, अपवाद केलाय. इलेक्ट्रिकल पार्टबद्दल दुकानं ताठर असतात त्याला कारण आहे, एकदा गाडीला जोडून बघितला की शॉर्ट बसला की नाही हे बाहेरून दिसत नाही. सील बंद असताना कापणं मला पटलं नाही, पण रक्कम एवढी छोटी होती की अजून चार मेल लिहायचा उत्साह नव्हता. सोडून दिलं. कोणाचं ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) किंवा अल्टरनेटर असेल तर सोडू नका, तिथे १५ टक्के म्हणजे बरेच होतात. अल्टरनेटर, स्टार्टर, कॅलिपर असले पार्ट दुरुस्त करून विकलेले असतील तर त्यात जुन्या पार्टची अनामतही (आपला जुना पार्ट त्यांना दिला की परत मिळते ती) धरलेली असते, नवा परत करताना ती अनामत वेगळी परत येते का ते बिलावर बघा, एकाच रकमेत मिसळून गेली की हिशोब लागत नाही.

मंजूर झालं म्हणजे पैसे आले असं नाही. आधी क्रेडिट नोट आली, म्हणजे उलटं बिल. ती नीट तपासा, माझ्या नोटमधे पहिल्या डिलिव्हरीचे पैसे धरलेच नव्हते, सांगितल्यावर दुरुस्त करून दिली. मग ‘रिफंड केला आहे’ असा मेल, आणि कार्डावर काही नाही. दुकान म्हणतं आम्ही पाठवले, बँक म्हणते आमच्याकडे नाही. इथे एक गोष्ट मागायची, रिफंडचा एआरएन नंबर. कार्डाने पैसे भरले असतील तर हा २३ आकड्यांचा नंबर दुकानाला त्यांच्या पेमेंट कंपनीकडून मिळतो. तो बँकेला दिला की पैसे कुठे आहेत ते शोधता येतं. माझ्या बँकेच्या माणसाचा सूरच बदलला नंबर दिल्यावर, ‘हो मॅडम, प्रोसेसमधे आहे’, आणि आठवडा संपायच्या आत जमा झाले. दुकानाने नंबर द्यायला टाळाटाळ केली असती तर मला वाटतं त्याचा अर्थ पाठवलेच नाहीत असाच घेतला असता, आणि मग कार्डाच्या बँकेकडे हरकत नोंदवायचा रस्ता होता. त्यालाही मुदत असते, म्हणून दुकान ‘अजून थोडं थांबा’ म्हणत राहिलं तर बँकेची मुदत आधी विचारून घ्या.

दरम्यान नवीन डिस्क, पॅड आणि सेन्सर दुसरीकडून मागवले होते, या वेळी मूळ पार्ट नंबर टाकून शोधले आणि ऑर्डर करायच्या आधी चॅसी नंबर पाठवून लेखी विचारलं, बसतील का. बसतील असं मेलमधे आलं, मग पैसे भरले. पार्ट आल्यावर गॅरेजची वेळ घ्यायच्या आधी मेकॅनिककडे नुसत्या डिस्क नेऊन दाखवल्या, जुन्या डिस्कची उंची त्याने तेव्हाच लिहून ठेवली होती. बरोबर निघाल्या. बसवल्यावर सुरुवातीचे काही दिवस जोरात ब्रेक मारू नका म्हणाला, पॅड आणि डिस्क एकमेकांना सरावायला लागतात. थरथर गेली, एबीएसचा दिवाही गेला.

पहिल्या खोल-बंदच्या मजुरीचं बिल मी दुकानाला पाठवून बघितलं होतं. नाही म्हणाले, नियमात स्पष्ट लिहिलेलं होतं की मजुरी देत नाही. मागायला हरकत नव्हती एवढंच.

राहिला परतीच्या कुरिअरचा खर्च. पावती पाठवली तर त्यांनी तेवढ्या रकमेचं कुपन पाठवलं, पुढच्या खरेदीवर वापरा म्हणून. मंजुरीच्या मेलमधे ‘खर्च देऊ’ असं होतं, कुपन देऊ असं नव्हतं, तोच मेल परत पाठवला आणि रक्कम कार्डावर द्या म्हटलं. काहीही वाद न घालता दिली, मागच्या आठवड्यात आली. कुपन मात्र त्यांनी रद्द केलेलं नाही, ते संपत आल्याची आठवण करून देणारे मेल अजून येतायत.